नववीची पोरं इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत: काय करावं?

तिसरा तास (धागाकर्ता)

मंडळी, सोलापूर जिल्ह्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. अकरा वर्षं झाली. नववी ब मध्ये बासष्ट पोरं, तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं हजेरीत आणि दोन-तीन खिडकीबाहेरच्या माकडात जातात.

आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या पोराची इंग्रजीची आठ वर्षं झालेली असतात. त्याला निबंध पाठ असतो, पत्राचा नमुना पाठ असतो, कवितेचं रसग्रहणसुद्धा कुठल्याही कवितेला चालेल असं पाठ असतं. पण "व्हॉट डिड यू ईट टुडे?" विचारलं की पोरगं जमिनीकडे बघतं आणि शेजारचा हसतो. संपलं.

आधी मला वाटायचं की येत नाही म्हणून बोलत नाहीत. मग एक गोष्ट लक्षात आली. पाचवी-सहावीची पोरं याहून कमी येत असताना धडाधडा बोलतात. नववीत काय होतं? मुलांचे आवाज फुटलेले असतात. उभं राहून मोठ्याने वाचायला सांगितलं की मधेच किरटा सूर निघतो आणि मुलींच्या बाकावरून खुसखुस येते. ते पोरगं मग मार्चपर्यंत तोंड उघडत नाही. मुलींचं वेगळंच. चांगलं बोलणारी मुलगी मुद्दाम वाईट बोलते, नाहीतर "लई शानी" ठरते.

गेल्या महिन्यात एक प्रयोग केला, तो सांगतो. एसटी स्टँडवर गेलो आणि फलकावरच्या गाड्या वहीत उतरवून आणल्या. पंढरपूर, मिरज, जत, पुणे, शिवाय आमच्या गावची मुक्कामी गाडी. त्याचे दोन कागद केले. अ कागदावर निम्म्या वेळा कोऱ्या, ब कागदावर उरलेल्या निम्म्या. बाकावरच्या दोघांनी एकमेकांचा कागद बघायचा नाही, फक्त इंग्रजीत विचारून आपल्या रिकाम्या जागा भरायच्या.

वर्गात गोंगाट झाला, मुख्याध्यापक येऊन डोकावून गेले. पण जो पोरगा दोन वर्षांत माझ्याशी इंग्रजीत एक शब्द बोलला नव्हता, तो शेजाऱ्यावर ओरडत होता, "व्हॉट टाइम लीव्ह पंढरपूर? टेल फास्ट!" कुणी हसलं नाही, कारण सगळे आपापल्या गाड्या पकडण्यात गुंतलेले.

मला विचारायचंय ते असं. एक, "व्हॉट टाइम लीव्ह पंढरपूर" हे तिथल्या तिथे सुधारायचं की सोडून द्यायचं? दोन, वर्गात मराठी किती चालवून घ्यायची? आमचे साहेब भेटीला आले की म्हणतात, इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द नको. आणि तीन, गंमत म्हणून: मुक्कामी गाडीला इंग्रजीत काय म्हणाल? वर्ग त्यावर पंधरा मिनिटं भांडत होता.

*

निवृत्त खडू

सर, प्रयत्न चांगला आहे. पण गोंगाट म्हणजे शिक्षण नव्हे, हे तेहतीस वर्षं खडू झिजवलेल्या माणसाकडून ऐकून घ्या. आम्ही पाचवीत एबीसीडी सुरू केली, शाळेत आकृतिबंध, म्हणजे वाक्यांचे ठरावीक साचे घोटले, हातात वस्तू धरून "धिस इज अ बुक, दॅट इज अ डोअर". कंटाळवाणं होतं, कबूल. पण क्रियापदाला लागणारा एस आमच्या पोरांच्या हातून सुटत नव्हता. "ही गो", "बस लीव्ह" हे तुम्ही आज सोडलंत की ते पोराच्या तोंडात कायमचं बसतं. मग दहावीला रडू नका.

*

टपोरा मोगरा

मुक्कामी गाडी = द बस विथ टूथब्रश.

*

मांडवीकाठ

मी गोव्यातून लिहितेय. आमच्याकडचा प्रश्न तुमच्यापेक्षा एक पायरी अवघड आहे असं मला वाटतं. सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणीत, चौथीपर्यंत. पाचवीला गेलं की एकदम सगळे विषय इंग्रजीत. विज्ञान, इतिहास, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळं. मी शिकवते त्या पाचवीच्या वर्गात आलेली एक मुलगी चौथीपर्यंत वर्गात पहिली होती. पाचवीच्या पहिल्या चाचणीत तिने इतिहासाचा पेपर कोरा दिला. "उत्तर येत होतं गो, पण इंग्लिशीत कसं सांगू?" असं रडत म्हणाली.

तिथून आठवीपर्यंत पोचलेल्या मुलांत दोन जाती दिसतात. एक, जी पोहायला शिकली. दुसरी, जी तळाशी गप्प बसायला शिकली. दुसरी जात फार शिस्तीची असते, शिक्षकांना आवडते. फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घेते. तिला इंग्रजी येतं असा सगळ्यांचा समज होतो.

मी आठवीत शेवटी एक केलं. दर शुक्रवारी उत्तर आधी मराठी-कोंकणीत बोलायचं, जोडीदाराशी, आणि मग तेच इंग्रजीत लिहायचं. विचार एकदा सांगून झाला की त्याला इंग्रजी कपडे घालायला भीती कमी वाटते. तेव्हा साहेबांना सांगा, मराठी बंद केली की मुलं इंग्रजीत विचार करत नाहीत, विचारच करायचे थांबतात.

*

राईनकाठी

तिसरा तास, तुमचा एसटीचा कागद वाचून आनंद झाला, कारण असंच काहीसं आपल्या शेजारी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी झालेलं आहे आणि आपल्याला ते फार कमी माहीत असतं. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू. 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास भागातल्या साध्या शाळांमध्ये त्यांनी प्रयोग केला. मोठे वर्ग, हाताशी फळा आणि खडू. व्याकरण शिकवायचं नाही, रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा द्यायचा आणि त्यावर कोडी घालायची. ही गाडी चुकली तर पुढची कोणती, अमक्या वेळेला पोचायचं तर निघायचं कधी. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा मागच्या दाराने येते, ही त्यांची धारणा. आज जगभर टास्क-आधारित शिकवणं म्हणून जे मिरवतं त्याच्या मुळाशी हा बंगळूरचा प्रकल्प आहे.

पण पुढचं तुम्हाला आवडणार नाही. प्रभू गटकामाच्या बाजूचे नव्हते. पोरं पोरांशी बोलत बसली तर एकमेकांचं मोडकं इंग्रजीच पक्कं करतील, अशी त्यांना धास्ती होती. त्यांची रीत अशी: एक कोडं शिक्षकाने सगळ्या वर्गासमोर, प्रश्न विचारत विचारत सोडवायचं, मग तसंच दुसरं कोडं प्रत्येकाने एकट्याने सोडवायचं. म्हणजे खडूकाकांची भीती अगदीच जुनाट नाही.

मी स्वतः मास्तर नाही. कोलोनजवळ राहतो, चाळिशीत जर्मन शिकलो. बेकरीत माझ्यामागे रांग लागलेली असताना पावाचं लिंग काय हे आठवत उभा राहिलोय. त्यामुळे तुमच्या मागच्या बाकावरच्या पोराचं पोटात गोळा येणं मला नीट कळतं.

*

निवृत्त खडू

राईनकाठी, धन्यवाद. प्रभूंचं नाव ऐकलं होतं, गटकामाबद्दलचं हे माहीत नव्हतं.

तुम्ही इतिहास काढलाच आहे तर मीही एक काढतो. आमच्या बीएडला सांगितलेलं डोक्यात राहिलंय. मायकेल वेस्ट नावाचे गृहस्थ 1920 च्या दशकात ढाक्याला होते. ते म्हणत, इथली बरीच मुलं शाळा मधेच सोडतात, मग अर्धवट शिकलेल्या इंग्रजीचा त्यांना काय उपयोग? विम्याच्या पॉलिसीसारखी अभ्यासक्रमालाही सरेंडर व्हॅल्यू हवी. मधे सोडलं तरी हातात काहीतरी पडलं पाहिजे. त्यांचं उत्तर होतं वाचन. बोलायला शिकायचं तर समोर बोलणारा हवा, वाचायला पुस्तक पुरतं.

आमच्या गावातली नववीची निम्मी पोरं दहावीनंतर कुठे जातात ते आपण जाणतो. आयटीआय, शेती, पुण्याला कंपनीत कंत्राटी. त्यांना औषधाच्या बाटलीवरचं, मशीनवरचं, बँकेच्या मेसेजमधलं वाचता आलं तर मी म्हणेन इंग्रजी आलं. बोलण्याचं एवढं वेड कशाला?

*

अर्धवट आई

काका, राग मानू नका, पण माझा मुलगा कंपनीत मुलाखतीला गेला तेव्हा त्याला बाटलीवरचं वाचून दाखवायला नाही सांगितलं. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हणाले आणि पोरगं घामाघूम. मार्क ऐंशीच्या वर होते इंग्रजीत.

मला या धाग्यावर एक वेगळीच तक्रार करायचीय. धाकटी दहावीला आहे, सेमी-इंग्रजीत. गणित-विज्ञान इंग्रजीत म्हणून तिचं इंग्रजी सुधारेल असं आम्हाला सांगितलं होतं. तिला "फोटोसिंथेसिस"चं स्पेलिंग येतं, व्याख्या येते. परवा मावशीच्या अमेरिकेतल्या नातवाने व्हिडिओ कॉलवर "व्हॉट आर यू अप टू?" विचारलं तर म्हणाली "टेन्थ". इयत्ता सांगितली हो! आम्ही हसलो. मग ती जेवली नाही. आता तिसरा तास यांचा लेख वाचून वाटतंय, तेव्हा हसायला नको होतं.

*

वऱ्हाडी ठेचा

माह्या भाच्याचं ऐका. अकोल्याजवळ राहते, आठवीत. शाळेत इंग्रजीत काठावर पास. रात्री मोबाइलवर गेम खेळते, कानात ते लावून कुठल्या कुठल्या पोरांसंग. म्या दाराआडून ऐकलं तं हा फाडफाड, "कव्हर मी, कव्हर मी, ही इज बिहाइंड द वॉल, डोन्ट गो अलोन!" म्या म्हटलं अबे, शाळेत काऊन बोलत नाहीस? तं म्हणे, "तिथं कोणी मरत नाही न मामा."

*

तिसरा तास

वऱ्हाडी ठेचा, हे वाक्य मी स्टाफरूममध्ये लावणार आहे.

सगळ्यांचे आभार. खडूकाका, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस डोकं खाजवलं. गोंगाटात चुका पक्क्या होतात हे अर्धं खरं आहे. म्हणून मी पोरांच्या चुका महिनाभर वहीत टिपल्या. बघतो तर काय, निम्म्याहून जास्त चुका म्हणजे आपली मराठीच इंग्रजी शब्दांत बसलेली.

"आय डिडन्ट वेन्ट". हे का येतं? आपण म्हणतो "मी गेलो नाही". भूतकाळ "गेलो"मध्येच बसलेला, "नाही" बिचारं काळाच्या भानगडीत पडत नाही. इंग्रजीत उलटं, भूतकाळाचं पोतं "डिड" उचलतो. हे मी मार्केट यार्डातल्या हमालाचं चित्र काढून सांगितलं. एक पोतं, एकाच पाठीवर. डिड आला की वेन्टने पोतं खाली ठेवायचं आणि गो होऊन चालायचं. गेले तीन आठवडे कुणी "डिडन्ट वेन्ट" म्हणालं की बाकीची पोरं "दोन हमाल! दोन हमाल!" ओरडतात. हे हसणं त्यांना चालतं, कारण ते चुकीवर असतं, पोरावर नसतं.

"ही इज अँग्री ऑन मी", कारण आपण माझ्यावर रागावतो. "मॅरीड विथ", कारण लग्न कुणाशी तरी होतं. "डिस्कस अबाउट", कारण चर्चा कशाबद्दल तरी असते. प्रश्नाचंही तसंच. मराठीत शब्दांची जागा न हलवता "तू कुठे गेला होतास?" होतं, म्हणून "व्हेअर यू वेन्ट?" येतं.

सगळ्यात भारी चूक एका चिठ्ठीत सापडली. "माय फादर सेड दॅट आय विल कम टू मीट यू ऑन मंडे." मी सोमवारी पोराची वाट बघत बसलो, आले वडील. शेत सोडून आले होते, आणि मी दहावीच्या जादा तासाला निघालेलो. मराठीत "वडील म्हणाले की मी सोमवारी येतो" यातला मी म्हणजे वडील. आपल्याकडे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायची सोय आहे, इंग्रजीत "दॅट" आला की "मी"चा "तो" करावा लागतो. अप्रत्यक्ष कथन मी अकरा वर्षं सूत्रं देऊन शिकवत आलो. त्या चिठ्ठीवरून ते वीस मिनिटांत शिकवून झालं, वडिलांची माफी मागून.

*

मांडवीकाठ

दोन हमाल चोरतेय, परवानगी गृहीत धरून.

उच्चाराबद्दल एक भर घालते. आपल्या मुलांना झेड येत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. "जगात पाण्याचा जग" म्हणून बघा. पहिला ज आणि दुसरा ज वेगळे आहेत, दोन्ही मराठी मुलाला जन्मजात येतात. "झू"चा उच्चार करताना जगातला ज आठवा म्हटलं की झालं. लिपीत दोन्हींना एकच अक्षर म्हणून आपण विसरलोय. खरी अडचण व्ही आणि डब्ल्यूची, कारण आपल्याकडे व एकच. तिथे मात्र ओठ दाखवूनच शिकवावं लागतं, आणि आठवीची मुलं शिक्षकांच्या ओठांकडे बघायला लाजतात. मी हातात आरसे देते.

*

एकशिक्षकी

मी प्राथमिकचा, पण लिहितो. आमच्याकडे प्राथमिक शाळांतलं इंग्रजी शिकवणं सुधारण्यासाठी तेजस प्रकल्प होता, राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांचा. त्यात शिक्षकांच्या गटबैठका व्हायच्या. सगळ्यात मोठा फायदा काय झाला सांगू? आम्ही मास्तर एकमेकांसमोर इंग्रजी बोललो. पहिल्या बैठकीत मी पाणी प्यायच्या निमित्ताने तीनदा बाहेर गेलो होतो. पोरांचं तोंड का उघडत नाही याचं उत्तर मला तिथल्या माठापाशी मिळालं.

*

राईनकाठी

तुमचे साहेब मराठी नको म्हणतात ना? दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात इंग्रजीतून आपल्या माध्यमात भाषांतर करायचा प्रश्न अजून असतो का? माझ्या पुतणीच्या कृतिपत्रिकेत बघितल्याचं आठवतंय.

*

तिसरा तास

असतो! शब्द, वाक्यं आणि म्हणी. म्हणजे बोर्डाच्या पेपरात मराठी चालते आणि माझ्या तासाला नाही. हा मुद्दा सुचलाच नव्हता. पुढच्या भेटीत साहेबांच्या हातात कृतिपत्रिकाच ठेवतो.

आणि प्रभूंची रीत करून पाहिली. यावेळी वेळापत्रकाचं पहिलं कोडं मी फळ्यापाशी वर्गाबरोबर सोडवलं. "आजी हॅज ॲन अपॉइंटमेंट ॲट द आय हॉस्पिटल इन मिरज ॲट इलेव्हन. विच बस?" मी मुद्दाम "द बस लीव्ह्ज" मधल्या एसवर जोर देत राहिलो, सुधारलं कुणालाच नाही. मग दुसरं कोडं त्यांनी आधी एकेकट्याने केलं आणि नंतर जोडीत पडताळून पाहिलं. खडूकाका, "लीव्ह्ज" म्हणणारी पोरं मोजली. गेल्या वेळी चार होती, यावेळी एकोणीस. बासष्टांतली एकोणीस हे काही फार नाही, पण मी त्यांना नियम सांगितलेला नव्हता.

फसलं तेही सांगतो. मोठ्याने वाचनाऐवजी जोडीत कुजबुजत वाचन ठेवलं, आवाज फुटलेल्या पोरांसाठी. मुलग्यांना फार आवडलं. मागची तीन बाकं कुजबुजत क्रिकेटबद्दल बोलत होती, मराठीत.

*

निवृत्त खडू

एकोणीस वाईट नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा, तेव्हा टिकले तर मानेन. आणि गेममधला एखादा उतारा वाचायला द्या त्या मागच्या बाकांना, माझं वाचनाचं पालुपद सोडत नाही मी.

*

अर्धवट आई

लेकीला दोन हमाल सांगितले. हसली. काल स्वतःहून मावशीच्या नातवाला फोन लावला, दार बंद करून. मी बाहेर कान लावला नाही. (लावला होता. काही ऐकू आलं नाही.)

*

तिसरा तास

मुक्कामी गाडीचं राहिलंच. "नाइट हॉल्ट बस" असं वर्गातल्या एका हुशार मुलीचं मत होतं, आणि मी तेच फळ्यावर लिहून मोकळा झालो होतो. काल वह्या तपासताना "व्हॉट टाइम लीव्ह पंढरपूर"वाल्या पोराची वही आली. त्याचा काका त्याच गाडीवर वाहक आहे. त्याने लिहिलंय, "द लास्ट बस कम्स ॲट नाइन. इट स्लीप्स इन अवर व्हिलेज."

आता मी इथे लाल पेनाने काय करू?

*

निवृत्त खडू

"कम्स"चा एस आहे. "स्लीप्स"चा एस आहे. "इन" बरोबर. पेनाला टोपण लावा.

*

टपोरा मोगरा

आणि सकाळी किती वाजता उठते तेही त्यालाच विचारा. इंग्रजीत.